दादाची गाठ

आर्वी तालुका,
पौष

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही म्हणून तू रागावला असशील. राग, हक्क आहे तुझा. तेव्हा आम्ही नागपुरात होतो आणि कोणाला काय सांगावं तेच सुचत नव्हतं.

दादाची किडनी बदलून ८ महिने झाले होते. वहिनीनं दिली, हे तुला माहीतच आहे. सोयाबीन निघालं त्या सुमारास त्याला जुलाब लागले. नवी किडनी टिकावी म्हणून चालू असलेल्या मायकोफिनोलेटच्या गोळीनं असं होतं, म्हणून डॉक्टरांनी ती कमी केली. जुलाब काही थांबले नाहीत. मग रक्त पडू लागलं, पँट कमरेवर राहीना. सीटी काढला तर उजव्या कुशीत, मोठं आतडं जिथून सुरू होतं तिथंच गाठ. तालुक्याला ज्याला रिपोर्ट दाखवला, त्यानं चष्मा वर करत सांगून टाकलं, "कॅन्सरच दिसतो." त्या दिवसापासून घरात सुतक. कापूस झाडावर लोंबत होता, वेचायला कोणी गेलं नाही. मी गुपचूप पांदणीकडच्या दोन एकरांसाठी गिऱ्हाईक पाहून आलो.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून गाठीचे तुकडे काढले. त्यांना कॅन्सरइतकाच टीबीचाही संशय होता. आपल्याकडे आतड्याच्या त्याच जागी टीबीची गाठ पुष्कळदा सापडते म्हणे. पहिल्या रिपोर्टात दोन्ही निघालं नाही, नुसता व्रण आणि सूज. मला तर हायसं वाटलं, पण माय पटकन बोलली, "मंग गाठ कायची हाय?" डॉक्टरांचाही सवाल तोच होता. त्यांनी व्रणाच्या बुडातले तुकडे वेगळा रंग देऊन पुन्हा तपासायला लावले. त्यात सापडला सायटोमेगॅलो व्हायरस.

नाव मोठं, पण विषाणू घरचाच. लहानपणीच बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि जन्मभर निजून राहतो. तुझ्यामाझ्यातही असेल. नव्या किडनीला शरीरानं परकी समजून मारू नये म्हणून दादाची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली. पहारेकरीच झोपवला, तेव्हा हा उठला. किडनी बसवल्यावर सुरुवातीचे ३ महिने याच्यासाठी वेगळी गोळी होती, ती पुढे बंद झाली होती. एरवी हा आतड्यात नुसते व्रण करतो. कधीमधी सूज अशी वाढते की दुर्बिणीतूनही गाठच वाटते.

एक गंमत सांगतो, तेव्हा मात्र गंमत नव्हती. डॉक्टर समजावत होते की या विषाणूनं फुगलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यासारखी दिसते. मायचा चेहराच उतरला. "पोराच्या पोटात घुबड कायले म्हनते हा?" त्या रात्री वॉर्डाच्या व्हरांड्यात तिनं दादाची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या कुठून आणल्या, देव जाणे.

मग या विषाणूवरच्या औषधाचं, गॅनसायक्लोव्हिरचं सलाईन, दिवसातून दोनदा, ३ आठवडे. त्यानं पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून रक्ताची तपासणी सारखी चालू. त्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणखी कमी केल्या. वहिनी तिथंच अडली. गोळ्या वाढवाव्या तर विषाणू माजतो, कमी कराव्या तर शरीर किडनीवर उठतं. डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी ती रिपोर्ट हातात पडला की बाकी काही न पाहता क्रिएटिनिनच्या ओळीवर बोट ठेवायची, किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं. मला म्हणाली, "भाऊजी, त्यायले वाचवाच, पन माह्यी किडनीबी सांभाळा." म्हणताना हसली, मी तोंड फिरवलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण झाली. गाठ नाही. नुसता वण. किडनीही चालू आहे. त्याच विषाणूवरच्या व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या अजून आहेत, पण दादा आता भाकरी मागतो आणि भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरतो.

संक्रांतीला ये. येणार असशील तर सर्दी-खोकला घेऊन येऊ नको, दारातून परत पाठवीन. आणि जमिनीचं दादाजवळ काढू नको, त्याला ठाऊक नाही. ते गिऱ्हाईक अजून फोन करतं, मी उचलत नाही.

तुझाच,
मधला