मामांची वायर

सांगली, १६ जुलै

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर मी तुला एक ओळसुद्धा पाठवली नाही, तुझे तीन मिस्ड कॉल येऊन पडलेत, एकालाही उलटा फोन केला नाही, राग आला असेल तर ये बाबा, तुझा हक्कच आहे. पण आज जेवण झाल्यावर बसलोय लिहायला कारण एक गोष्ट झालीय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगायची तेच कळेना. बायकोला सांगितली तर ती म्हणाली एका वायरचं एवढं काय घेऊन बसलात. तिचं बरोबर आहे, तिनं ती वायर ओढलेली नाही. फोन केला असता पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मला जे सांगायचंय ते राहूनच जातं.

तब्येतीचं आधी उरकतो. आईचं बीपी गोळीवर आहे, माझी शुगर होती तेवढीच आहे. झालं.

तर, आपल्या केबलवाल्या मामांची वायर मी तोडली. कटर कंपनीच्या पोराच्या हातात होता, पण त्यानं शिडीवरून विचारलं, "काका, ही जुनी काढू का, भोकातनं नवीन जात नाहीये," आणि मी खालून म्हणालो, काढ. माळ्यावरच्या तुळईजवळचं ते भोक आठवतंय ना, १९९६ च्या मे महिन्यात तू वर पालथा पडून वायर सरकवत होतास आणि मी खालून ओढत होतो, आणि आई ओरडत होती की पोरगं माळ्यावरनं पडंल. तीच काळी वायर. तुझी ती गाठ, डबल फेरा मारून वर पिवळी टेप, अजून तशीच होती रे! मध्ये सेट टॉप बॉक्स आला, तो दोनदा बदलला, टीव्ही तीन झाले, वायर तीच. पोरानं कट्ट केली आणि ती खाली माझ्या पायाशी येऊन पडली. गाठीचा तुकडा मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

आता तू म्हणशील तोडलीस कशाला. ऐक.

तुला माहितीये मामा गेली काही वर्षं केबलबरोबर नेटपण देतात, वरच्या एका कंपनीकडून घेऊन, फायबर स्वतःची खांबावरून टाकलेली. लोकांची जीएसटी रिटर्नं भरायचं माझं सगळं काम त्याच्यावर चालायचं आणि चांगलं चालायचं, खोटं नाही बोलणार. पण १८ जूनला चौकात गटारीसाठी जेसीबी लावला, त्यानं खांबच वाकवला आणि मामांची मेन फायबर तुटली. आणि २० तारीख म्हणजे माझी जीएसटीआर ३बी ची, म्हणजे महिन्याच्या रिटर्नची, शेवटची तारीख. मामा स्वतः, बहात्तराव्या वर्षी, पावसात छत्री धरून त्या एका पोराबरोबर रस्त्यावर बसलेले, तुटलेली फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन दुसऱ्या ऑपरेटरकडून मागून आणलेलं, ते रात्री मिळायचं आणि सकाळी परत द्यायचं. तीन दिवस गेले. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलो, वाड्याच्या आत रेंज नाही म्हणून लॅपटॉप घेऊन जिन्यात, पोर्टल फिरतंय, ओटीपी येतोय तोवर सेशन संपतंय. दोन जणांची रिटर्नं राहिली, दुसऱ्या दिवशी भरली, लेट फी दिवसाला ५० रुपये, ती मी माझ्या खिशातून भरली. पैसे काही नाहीत रे त्यात, पण त्यातल्या एकानं शांतपणे सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघतो. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्या रागात मी नवीन कनेक्शनचं बघायला लागलो.

आणि ते बघणं म्हणजे एक शिक्षाच आहे गड्या. एक म्हणतो १०० एमबीपीएस, मी विचारलं फाईल किती वेगानं उतरेल तर त्या पोराला सांगता येईना, मीच त्याला सांगितलं की आठानं भाग, १२.५ एमबी सेकंदाला, ते पण सगळं नीट असेल तर. दुसऱ्यानं अनलिमिटेड म्हणून छापलेलं, खाली बारीक अक्षरात ३३०० जीबी, त्याच्या पुढं स्पीड कमी. एवढं आपल्याला लागत नाही हे खरं, पण मग अनलिमिटेड म्हणू नका ना. किंमत सांगायची ती १८ टक्के जीएसटी सोडून, राउटर फुकट पण परत करायचा, इन्स्टॉलेशन फुकट पण सहा महिन्यांचे पैसे आधी. अपलोड स्पीड किती हे विचारलं की सगळे गप्प, आणि माझं तर निम्मं काम अपलोडचं. सरकारी फायबरचा अर्ज भरला, त्यांचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला तुमच्या गल्लीत अजून पोर्ट, म्हणजे जोडणीची जागा, शिल्लक नाही. शेवटी मोठ्या खाजगी कंपनीचं घेतलं, चॅनल त्यांच्या ॲपवर, म्हणजे केबलची वेगळी गरज नाही असं त्यांचं म्हणणं.

राउटर पुढच्या खोलीत लावला. वाड्याच्या भिंती दोन फुटी, तुला माहितीच आहेत, तू त्यात ड्रिल मोडलेलास. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय माजघरापर्यंत येतच नाही, २.४ चं येतं पण रडत. आणि आईचा टीव्ही माजघरात.

मामा नेहमीसारखे ५ तारखेला आले. अजून पावतीपुस्तक घेऊनच येतात, ऑनलाईन द्या म्हणत नाहीत कुणाला. मी आधी फोन करून सांगायला हवं होतं, चार दिवस रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. आईनं चहा ठेवला. मामांनी वर बघितलं, भोकातून पांढरी वायर येताना दिसली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बरं केलंस. तुझं काम हाय त्यावर." एवढंच. मग उठले, त्या पांढऱ्या वायरवरून बोट फिरवत फिरवत दारापर्यंत गेले, चौकटीच्या कोपऱ्याशी थांबले आणि म्हणाले, "हितं लई मुरडलीय रे." मी हो हो म्हणालो, माझं लक्षच नव्हतं. जुलैचे पैसे घेतले नाहीत. बॉक्स स्वतः काढला, कापडी पिशवीत घातला, रिमोट हातात घेतला, मागचं झाकण उघडून दोन्ही सेल काढले आणि आईच्या हातात दिले. "हे तुमचं हाय वहिनी." आई नंतर बराच वेळ ते सेल हातात घेऊन बसलेली.

बाळ्या, तू २००० साली नागपूरला निघून गेलास तेव्हा मी तुला काय काय बोललो होतो! मामांना न सांगता गेलास, ज्यांनी तुला कनेक्टर क्रिंप करायला शिकवलं, ज्यांनी तुझ्या बारावीची फी भरली, त्यांना एका चिठ्ठीवर सोडून गेलास म्हणून मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. तुझे वडील रिटायर झालेले, घरात पैसा नव्हता, टॉवरच्या कामात तिप्पट पगार मिळत होता, हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बोललो. तू चिठ्ठी तरी ठेवलीस. मी तेवढंही केलं नाही. त्या वर्षाबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नव्हती, ती आता मागतो.

(पण शारजाच्या बाबतीत मी माघार घेणार नाही. २२ एप्रिल १९९८, भारत-ऑस्ट्रेलिया मॅच. वाळूचं वादळ आलं, पडदा पिवळा झाला, आणि चौकातनं बारा फोन आले मामांना की तुमच्या केबलला काय झालं, रंग गेलाय, माणूस पाठवा. मामा एकेकाला समजावतायत की वादळ शारजात आलंय, मारुती चौकात नाही. हसून हसून पोट दुखलं होतं. पण नंतर सचिन मारायला लागल्यावर जे खरंच गेलं, अर्ध्या गल्लीचं, ते तुमच्या घरी बसवलेल्या, केबलचा सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरमुळं, आणि लाइट गेली नव्हती, तू इस्त्रीसाठी प्लग काढला होतास. तुझ्या बहिणीनं मला नंतर सांगितलंय. १४३ पैकी वीसेक रन गल्लीनं तुझ्या शर्टापायी बघितले नाहीत.)

पुढं ऐक. नऊ दिवस नेट चाललं आणि परवा संध्याकाळी लाल दिवा, एलओएस, म्हणजे सिग्नलच नाही. फोन केला तर आधी मशीन बोलतं, मग एक मुलगी हिंदीत विचारते राउटर बंद करून चालू केलात का, मग डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मग ४८ तास थांबा. एक पोरगा आला, राउटर बदलून गेला. रात्री परत लाल. दुसरा आला, कनेक्टर नवीन मारला, म्हणाला सिग्नलची पॉवर वजा २८ येतेय, फार कमी, बाहेरचा प्रॉब्लेम आहे, वर कळवतो. मला कायदा माहीत आहे रे, अपील करता येतं, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावता येतो, २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की टेलिकॉमची तक्रार घेऊन ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण रात्री साडेदहाला मला कायदा नको असतो, माणूस हवा असतो. मामांना रात्री अकराला फोन केला तरी ते "आलो" म्हणायचे आणि खरंच यायचे, बनियनवर शर्ट चढवत.

आणि तेव्हा मला ते मुरडलेलं आठवलं. टॉर्च घेऊन गेलो तर चौकटीच्या कोपऱ्यावर त्या पोरानं फायबर काटकोनात वळवून वर क्लिप ठोकलेली. क्लिप काढली, हाताच्या पंजाएवढा गोल फेरा देऊन वायर मोकळी सोडली. दिवा हिरवा. राउटरच्या पेजवर वजा २१. मी तिथंच दारात खाली बसलो लेका. कंपनीची दोन पोरं मशीन लावून गेली आणि त्यांना जे दिसलं नाही ते मामांनी नुसत्या बोटानं सांगितलं होतं, ते पण त्यांची वायर काढून जिथं माझी नवीन टाकली त्या घरात.

आईचं वेगळंच चाललंय. मालिका ॲपवर दिसतात, तिला मी चार वेळा रिमोट शिकवला, जमेल हळूहळू. पण मामांच्या केबलवर तो गावातला चॅनल लागायचा, गणपतीची आरती, बाजारभाव, आणि पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी. तो ॲपवर नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आपला अख्खा गावभाग पाण्यात होता हे तू नागपुरात बसून फोनवर ऐकलंस, आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि लाइट जाईपर्यंत आई त्या चॅनलसमोरून उठली नव्हती. पाणी उतरल्यावर चिखलातून पहिला माणूस मामा आले होते, खांद्यावर वायरचं बंडल. आता कोयना धरणातून पाणी सोडलं असं कुणी म्हटलं की ती मला विचारते पुलाला किती झालं, मी मोबाईलवर बघून सांगतो २६ फूट, इशारा ४० ला असतो, धोका ४५ ला, अजून लांब आहे. ती मान हलवते पण तिला ते स्वतः बघायचं असतं. काल तर म्हणाली, सेल आहेत की माझ्याकडे.

मला वाटतंय केबल परत घ्यावी, फक्त आईसाठी, नेट राहू दे कंपनीचं. पैशाचं मोठं नाही. २०१९ ला ट्रायचा, म्हणजे केबलवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम आला की चॅनल ज्यानं त्यानं निवडायचे, तेव्हा मामांबरोबर घरोघरी फिरून मीच लोकांचे चॅनलचे फॉर्म भरले होते, महिन्याचे मूळ १३० अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे हे म्हणून म्हणून तोंड दुखलं होतं, आणि लोक मामांवरच ओरडत होते जणू तो नियम त्यांनीच काढला. तेव्हा आठशे घरं होती त्यांची. आता दोनशेसुद्धा नाहीत. मुलगा पुण्यात, त्याला यात यायचं नाही. पण आता मी जाऊन म्हटलं की मामा केबल द्या परत, तर त्यांना दया केल्यासारखं वाटेल का रे? आणि नेट तसंच ठेवून नुसती केबल मागायची म्हणजे अजूनच वाईट वाटेल का? का सगळंच परत घेऊ आणि २० तारखेसाठी हे दुसरं ठेवू? दोन्ही ठेवायचं म्हटलं तर बायको घराबाहेर काढेल. तीन दिवस झाले, त्यांच्या दुकानावरून जातो आणि मारुतीच्या देवळाकडे वळतो.

तू त्यांना फोन कर. तुझा ते घेतात, मला माहितीये, दर पाडव्याला तू करतोस हे त्यांनीच सांगितलंय मला, तू मात्र कधी बोलला नाहीस. वायरचं काही काढू नकोस, नुसता बोल, आवाज कसा वाटतोय ते मला सांग.

आणि वजा २१ पुरे ना? का अजून कुठं मुरड असेल? तू रोज हेच बघतोस म्हणून विचारतोय. फोटो वेगळा पाठवतो.

तुझ्या लेकीचा रिझल्ट लागला ना, किती पडले ते कळव. वहिनींचा गुडघा कसा आहे? नवीन फ्लॅटचं काय झालं, ताबा मिळाला का अजून बिल्डर फिरवतोय? हे सगळं आधी विचारायला हवं होतं, राहिलं.

आईनं भडंग करून ठेवलाय तुझ्यासाठी, कमी तिखट. पत्ता जुनाच ना?

तुझा,
पिंट्या