पेटारा खरवडण्याआधी मला थांबवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

तुमचे समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, बिजागरीचं काय झालं?" असं विचारून विषयच बदलता. म्हणून हे उघड पत्र. थोडं लांबणार आहे, कारण आभारांसोबत तुम्ही सांगितलेलं बरंच काही यात येणार आहे. ज्यांच्या घरी जुना लाकडी पेटारा धूळ खात पडलाय आणि जे एखाद्या सुट्टीत त्याला "एकदम नवा" करून टाकणार आहेत, त्यांनीही हे वाचलं तर बरंच.

माझ्याकडे पेटारे आले ते तीन आणि तिन्ही वेगळ्या जातीचे. मोठा काळपट, पितळी कडी-कोयंड्याचा. मधला तपकिरी ऑइल पेंट थापलेला. धाकटा सीडर या सुवासिक लाकडाचा, बाहेरून वार्निश आणि आतून कोरा. माझा बेत मात्र तिघांसाठी एकच होता: सँडर (लाकूड घासायचं मशीन) फिरवायचा, लाकूड उघडं करायचं आणि वरून मस्त रंग द्यायचा. तुम्ही आलात, पेटारे उलटे करायला लावलेत, तळ आणि मागची बाजू बघितलीत आणि म्हणालात, "आधी हे काय आहे ते कळू दे. काढायला काय, कधीही काढता येईल. परत लावता येणार नाही."

माझे खरे आभार या वाक्यासाठी आहेत. बाकी सगळं त्यातूनच निघालं.

मोठ्या पेटाऱ्यापासून सुरुवात करते. त्याच्यावरचं पॉलिश मगरीच्या पाठीसारखं तडकलं होतं आणि ते सगळं खरवडावंच लागणार याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. तुम्ही मागच्या पायाजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने डीनेचर्ड स्पिरिट लावलंत. थोड्या वेळात ती जागा चिकट झाली आणि बोळा मधासारखा तपकिरी. "लाख आहे," तुम्ही म्हणालात आणि चेहरा खुलला तुमचा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. लॅकर असेल तर ते थिनरने विरघळतं. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा वार्निश किंवा पॉलियुरेथेन. एवढी साधी चाचणी, पण ती केल्याशिवाय डबा उघडायचा नाही हे कुठल्याही रंगाच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

लाख निघाली म्हणजे खरवडण्याची गरजच उरली नाही. आधी साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग मिनरल टर्पेंटाइनने वर्षानुवर्षांचं मेण आणि हातांचा तेलकटपणा. हे आधी का, तेही तुम्ही सांगितलंत: मळ न काढता पॉलिश पेपर घासला तर तोच मळ लाकडात दाबला जातो, आणि सिलिकॉनवाल्या फर्निचर पॉलिशचा अंश राहिला तर नव्या थरात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. सफाई झाल्यावर मऊ ब्रशने पातळ लाख मारली. लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम चपडी लाख, याहून दाट नाही. आणि मग डोळ्यांदेखत त्या भेगा मिटायला लागल्या! जुना थर नव्यात विरघळून एक होतो, म्हणून लाखेवर लाख द्यायला मध्ये घासावंही लागत नाही फारसं. ब्रश एकदा फिरला की त्याच जागी परत न्यायचा नाही, एवढं मात्र तुम्ही तीनतीनदा बजावलंत. स्पिरिट इतकं झटपट उडतं की दुसऱ्यांदा फिरवलेला ब्रश थर ओढतो.

बाटलीवर तारीख लिहायला लावलीत तेव्हा मला हसू आलं होतं. पण विरघळवलेली लाख काही महिन्यांनी वाळेनाशी होते, चिकटच राहते, हे तुम्ही काचेच्या तुकड्यावर तुमच्याकडच्या जुन्या बाटलीतला थेंब टाकून दाखवलंत. माझ्या बाटलीतला थेंब सकाळपर्यंत कडक, तुमचा मात्र बोटाला लागत होता. आता माझ्या कपाटातल्या प्रत्येक डब्यावर तारीख असते. घरातले चिडवतात, चिडवू देत.

आता मधला पेटारा. याच्यावरून आपलं थोडं वाजलंही होतं, आठवतं? मला सँडर लावायचा होता आणि तुम्ही प्लगच काढून घेतलात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगाकडे संशयानेच बघायचं. कोरडं घासलं की ते शिसं धूळ होऊन घरभर पसरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, रंग जाळला तर शिशाची वाफ होते. म्हणून आधी तपासणी, आणि शिसं निघालं किंवा खात्री नसली तर सुक्या घासकामाला सरळ नाही म्हणायचं. रंग घट्ट बसलेला असेल तर तो खाली तसाच राहू द्यायचा, स्वच्छ करायचा, सुटलेल्या कडा ओल्या करून पाण्याच्या पॉलिश पेपरने सपाट करायच्या, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडावर धुळीचा योग्य मास्क, काम झालं की झाडू नाही, ओलं फडकं. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता माझ्या ओळखीत सँडर मागायला कुणी येत नाही.

पण त्या पेटाऱ्याने खरी गंमत पुढे केली. तुम्ही दर्शनी फळीच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, ओल्या पात्याने तपकिरी थर हळूच उचललात. खाली पांढरा. त्याच्या खाली निळसर हिरवा, आणि त्या हिरव्यावर लाल रंगाची एक बारीक वळणदार रेघ. एवढीच, अर्ध्या नखाची. तुम्ही भिंग मागितलंत, मी फोनचा कॅमेरा मोठा करून दिला. रेघ ब्रशने काढलेली होती, सुरुवातीला जाड आणि शेवटी केसाएवढी. कुणीतरी कधीतरी त्या फळीवर फूल काढलं होतं.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत त्याने माझा एक जुना हट्ट गेला. लाकडाला रंग देणं म्हणजे पाप, खरं लाकूड दिसलंच पाहिजे, असं मला आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना वाटत असतं. पण पेटाऱ्यांच्या इतिहासात रंग हा पाहुणा नाहीच. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये लग्नासाठी 'कासोने' नावाचे पेटारे बनत, त्यांच्या फळ्यांवर अख्खे प्रसंग रंगवलेले असत. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यातल्या कितीतरी फळ्या सोडवून चित्रं म्हणून भिंतींवर टांगल्या गेल्या. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या पेटाऱ्यांवर 'रोसमालिंग'ची वेलबुट्टी, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांमध्ये ट्युलिप आणि पक्षी. हे पुष्कळसे पेटारे पाइनसारख्या साध्या, मऊ लाकडाचे होते आणि ते रंगवायचेच म्हणून बनवलेले होते. असा रंग खरवडून "अस्सल लाकूड" बाहेर काढणारा माणूस पेटाऱ्याची अस्सल गोष्ट कचऱ्यात टाकतो. (हे शब्द माझे. तुम्ही यापेक्षा बरेच तिखट बोलला होतात.)

म्हणून दर्शनी फळी आपण तशीच ठेवली, तपकिरीच. ते फूल बाहेर काढणं हे संग्रहालयात काम करणाऱ्यांचं कौशल्य, पाते घेऊन बसलेल्या माझ्यासारखीचं नाही, हे तुम्ही न दुखावता समजावलंत. रंग दिला तो फक्त झाकणाला आणि दोन्ही बाजूंना, जिथे खाली चित्र वगैरे काहीच नव्हतं. झाकणात पाइनच्या गाठी होत्या. साधा प्रायमर मारला असता तर काही दिवसांत त्या गाठी पिवळ्या डागांनी वर आल्या असत्या, म्हणून त्यांना आधी लाखेच्या प्रायमरने बंद केलं. मग पातळ थर, मध्ये २२० नंबरचा पेपर अगदी हलक्या हाताने. वाळणं आणि पक्कं होणं यातला फरक तुम्ही सांगितला नसता तर झाकण खोक्याला कायमचं चिकटलं असतं. रंग काही तासांत हाताला सुका लागतो, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात. तोवर झाकण मिटायचंच नाही, मध्ये लाकडी तुकडे. नंतर टेकणाऱ्या कडांवर मेणबत्ती घासायची.

धाकट्याचं काम सगळ्यात कमी आणि तिथेही तुम्ही मला अडवलंतच. आतल्या बाजूलाही वार्निश मारून "फिनिश" करावं असं माझ्या डोक्यात होतं. सीडर आतून कोराच ठेवतात, त्याचा वास हेच तर त्याचं काम. वास मंदावला असेल तर बारीक पेपर हलका फिरवला की वरचा सुकलेला थर निघतो आणि वास पुन्हा येतो. एवढंच केलं. ऑइल पेंट किंवा तेल कुठल्याच पेटाऱ्याच्या आत नको, कारण बंद झाकणाखाली त्याचा दर्प महिनोन् महिने कोंडून राहतो आणि कपड्यांना लागतो. मोठ्या पेटाऱ्याचा कुबट वासही आतून पातळ लाखेचा हात दिल्यावर गेला.

त्याच मोठ्या पेटाऱ्याच्या तळाला बारीक भोकं होती. मी लगेच औषधाच्या मागे लागले होते. तुम्ही खाली काळा कागद घालायला सांगितलात आणि काही आठवडे हलवू नकोस म्हणालात. कागदावर ताजा, फिकट भुगा पडला तर कीड जिवंत, नाहीतर भोकं फक्त जुन्या भाडेकरूंची. कागद काळाच राहिला. एका कागदाने औषध वाचलं.

स्क्रूंचं पुठ्ठ्यावरचं चित्र अजून माझ्याकडे आहे. बिजागऱ्या काढताना तुम्ही पुठ्ठ्यावर त्यांचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवायला लावलात. जुने स्क्रू एकासारखे एक नसतात, दुसऱ्याच्या भोकात बसवायला गेलं की ते भोक सैल होतं. जी आधीच सैल होती त्यात लाकडाची काडी आणि गोंद.

दोन गोष्टींसाठी मात्र तुम्ही आवाज चढवलात, आणि त्यासाठी आभार वेगळे. मोठ्याच्या तळाला बाहेरून जवसाचं तेल लावल्यावर मी फडकी चुरगाळून डब्यात टाकणार तोच तुम्ही ओरडलात. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागते. फडकी मोकळी पसरून उघड्यावर वाळवायची, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

दुसरी गोष्ट झाकणाची. धाकट्या पेटाऱ्याचं कुलूप बाहेरून आपोआप बसणारं होतं. तुम्ही ते तिथल्या तिथे काढलंत. अमेरिकेत लेन कंपनीने १९१२ ते १९८७ दरम्यान बनवलेल्या सीडरच्या पेटाऱ्यांची अशीच कुलपं होती. आत लपलेल्या मुलांना ती उघडता येत नसत आणि मुलं गुदमरून गेली. १९९६ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख पेटाऱ्यांची कुलपं बदलून घेण्याचं आवाहन करावं लागलं, आणि तरीही जुनी कुलपं कितीतरी घरांत तशीच राहिली. आता आपल्या तिन्ही पेटाऱ्यांना कुलूप नाही, झाकण अलगद खाली येईल असे आधार आहेत, आणि मागच्या फळीत वरच्या कडेला हवेसाठी भोकं आहेत. ती भोकं दिसायला वाईट दिसतात असं मी एकदा म्हणाले होते. तुम्ही उत्तरच दिलं नव्हतं.

माझ्या मैत्रिणीकडे एक पेटारा निघालाय, वर हिरवा रंग, खाली काय ते माहीत नाही. तिला मी स्पिरिट, कापूस आणि काळा कागद घेऊन ठेवायला सांगितलंय आणि सँडर माळ्यावर ठेवायला. तरी ती तुम्हाला फोन करणारच आहे. दुपारी तुमची झोप असते हेही सांगितलंय.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पेटारेवाली