आठपैकी आठ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी गणिताची शिक्षिका आहे. गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली, बायोप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. उपचार अजून चालू आहेत, तब्येत ठीक आहे. आज लिहायला बसले ते एका कागदामुळे.

तो कागद म्हणजे माझा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. दोन पानं, सगळी इंग्रजीत. शुक्रवारी संध्याकाळी हातात पडला, आणि डॉक्टरांची वेळ मिळाली होती मंगळवारची. घरातले झोपल्यावर मी तो उघडला. 'ईआर : पॉझिटिव्ह, ८/८.' जन्मभर पेपर तपासलेल्या बाईला ८/८ चा अर्थ एकच कळतो, पैकीच्या पैकी. मला वाटलं, आजार अगदी टोकाला गेलाय. त्यात पुन्हा 'पॉझिटिव्ह'. पुढच्या चार रात्री मी मुलीच्या लग्नाचं वय आणि माझं उरलेलं वय यांची वजाबाकी करत काढल्या.

मंगळवारी कळलं ते असं. ही ऑलरेड नावाची मोजणी आहे. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक; ते पकडणारे रिसेप्टर (तेच रिपोर्टमधलं 'ईआर') किती पेशींवर आहेत याला ५ पर्यंत गुण, तपासणीत त्यांच्यावर रंग किती गडद चढला याला ३ पर्यंत, आणि दोन्हींची बेरीज ८ पर्यंत. माझी गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जात होती, म्हणजेच ते इस्ट्रोजेन अडवणारी गोळी लागू पडण्याची शक्यता भरपूर होती. अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली बातमी तीच होती, आणि मी चार रात्री तिच्यावरच रडले.

त्याच पानावर चार ओळी वर आणखी एक बेरीज होती, ग्रेडची. नॉटिंगहॅम पद्धतीत तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात, म्हणून बेरीज ३ ते ९ मध्ये येते. तिथे मात्र आकडा जितका मोठा तितकी गाठ आक्रमक. एका पानावर दोन बेरजा, एकीत जास्त म्हणजे बरं, दुसरीत जास्त म्हणजे वाईट, आणि खुलाशाचा एक शब्द नाही. अशी प्रश्नपत्रिका मी मुलांपुढे कधीच ठेवली नसती.

"नेटवर वाचत बसू नका, उगाच घाबराल," हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच होती, याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याच शरीरातल्या गाठीबद्दल न वाचता कुठली बाई चार रात्री काढू शकेल? ती वाचणारच. तिच्या हाताला काय लागेल, एवढंच काय ते आपल्या हातात आहे.

मी वाचलं म्हणून काय झालं तेही सांगते. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर 'हर-टू : २+' असं होतं. हर-टू म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन. वाचता वाचता समजलं की ० आणि १+ आले तर निगेटिव्ह धरतात, ३+ आले तर पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे अधांतरी. तेव्हा 'फिश' नावाची पुढची तपासणी करून हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजायच्या असतात. मी वहीत लिहून नेलं आणि विचारलं, "माझी फिश झाली का?" फाइल उलटसुलट चाळली गेली. नमुना पाठवायचाच राहिला होता. पाठवला, आणि उत्तर पॉझिटिव्ह आलं. त्यामुळे माझ्या उपचारात ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला अडवणारं औषध आलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांमध्ये किमोबरोबर हे औषध दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, हे २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिलं आहे. कुणावर आरोप करायला हे लिहीत नाही. एका डॉक्टरांपुढे सकाळपासून किती फायली येतात ते मी बाकावर बसून पाहिलंय. म्हणूनच म्हणते, स्वतःची फाइल समजलेला रुग्ण हा त्या डॉक्टरांसाठी आणखी दोन डोळे असतो.

स्वतःच्या आजाराचा अभ्यास करणारी मी काही पहिली नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली. त्या काळी बाईला भूल द्यायचे, गाठीचा तुकडा तपासायचे आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावून बघायचं, आहे की गेला. कुशनरबाईंनी वैद्यकीय ग्रंथालयात बसून वाचलं आणि हट्ट धरला : आधी फक्त तपासणी, पुढचं मी शुद्धीवर असताना ठरवीन. याला तयार होणारा सर्जन त्यांना शोधत फिरावं लागलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची समिती बसवली तेव्हा त्या तिच्यात होत्या, आणि तपासणी व शस्त्रक्रिया शक्यतो वेगवेगळ्या वेळी व्हावी, अशी शिफारस त्या समितीने केली. बायोप्सी आणि ऑपरेशन यांच्यामध्ये मला विचार करायला जे दिवस मिळाले, त्यांत त्या बाईंचाही वाटा आहे.

त्या दिवसांत मी ठरवत होते, पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ. बर्नार्ड फिशर या अमेरिकी सर्जनच्या चाचणीचा २० वर्षांचा निष्कर्ष २००२ मध्ये छापून आला, त्याचा सारांश मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. १,८५१ बायका. स्तन काढलेल्या आणि नुसती गाठ काढलेल्या, दोघींच्या जगण्यात फरक नाही. फक्त गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, रेडिएशन घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के जणींना. मी गाठ काढून रेडिएशन घ्यायचं ठरवलं आणि त्या रात्री शांत झोपले. ते आकडे माझ्या भाषेत असते तर ही झोप आठ दिवस आधी लागली असती.

वाचनाला दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणार नाही. १९९० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरवर प्रचंड मात्रेत किमो देऊन नंतर रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी परत भरायचा उपचार आला. पुरेसा पुरावा येण्याआधीच तो जगण्याचा शेवटचा मार्ग मानला गेला आणि हजारो बायकांनी तो सोसला. १९९९ मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. ज्या एका चाचणीत फायदा दिसत होता, ती दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांची चाचणी बनावट असल्याचं २००० मध्ये तपासणीत उघड झालं. आजही शोधायला बसलं की जर्दाळूच्या बियांतलं औषध पहिल्या काही ओळींत भेटतं. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवर ते तपासून झालंय. उपयोग शून्य, आणि काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या पातळीकडे गेलं. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा मृत्यूचा धोका पाचपटींहून जास्त निघाला. मला याची खरी भीती वाटते. खोटं सगळं सोप्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि खरं मात्र अवघड इंग्रजीत.

गणिताची बाई म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॅमॉक्सिफेनची, म्हणजे इस्ट्रोजेन अडवणारी, गोळी पाच वर्षं घेतली तर ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. चांगलंच आहे. पण कशाचा तृतीयांश? शंभरातल्या तीस जणींना धोका असेल तर दहा जणी वाचतात, तिघींना असेल तर एक. गोळीचे त्रास तर दोघींनाही तेच. हा हिशोब बाईला तिच्या स्वतःच्या आकड्यांवर मांडून दाखवायला हवा, आणि त्याला फार तर पाच मिनिटं लागतात.

महोदय, अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून तपासणीचे निकाल विनाविलंब रुग्णाला उघडे करावे लागतात. युरोपीय संघात ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार औषधाची चाचणी संपल्यावर एका वर्षात तिचा निष्कर्ष सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत जाहीर करणं बंधनकारक आहे. म्हणजे हे कायद्याने करता येतं. आपल्या खात्याने कॅन्सरच्या प्रत्येक पॅथॉलॉजी रिपोर्टला रुग्णाच्या भाषेतलं एक पान जोडणं सक्तीचं करावं. त्यावर प्रत्येक आकडा कुठून कुठपर्यंत जातो, जास्त म्हणजे बरं की वाईट, आणि कुठली तपासणी अजून बाकी आहे, एवढं असलं तरी पुरे. रिपोर्ट मिळाल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत फोनवर विचारता येईल अशी एक प्रशिक्षित नर्स असावी. शुक्रवार ते मंगळवार हे अंतर फार मोठं असतं.

मागच्या आठवड्यात किमोच्या खोलीबाहेर एक बाई शेजारी बसल्या होत्या. मी वही उघडलेली पाहून त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "ताई, हे आठातले सात म्हणजे फार आहे का हो?" मी सांगितलं, डॉक्टरांनाही विचारा म्हटलं. त्यांनी कागद परत घेतला नाही, पेन पुढे केलं. "इथं शेजारी लिहून द्या, घरी दाखवायचंय." मी त्या आकड्याजवळ बारीक अक्षरात लिहिलं : 'गोळी लागू पडायला चांगलं.'

ती ओळ तिथे छापलेली असावी, एवढी माझी विनंती आहे.

आपली,
एक शिक्षिका आणि रुग्ण