पाळण्याची निगेटिव्ह तुझ्याकडेच आहे

प्रिय सुऱ्या,

मौत का कुआँची ती पाटी घरी आली. हो, तीच, पालच्या जत्रेतली. मोटारसायकलवाला, मागं डरकाळी फोडणारा वाघ, आणि वाघाला तीनच पाय. कुआँवाल्यांनी दर्शनी बाजूला फ्लेक्स चढवले, जुने पत्रे भंगारात निघाले होते. नानांनी वेळेवर फोन केला. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघे बोलतात.

घोर आहे तो पाटीचा. हिला ती चकाचक करून हवी. थोरल्याचं म्हणणं, थिनरनं पूस, वर वॉर्निश मार, नवीकोरी दिसेल. नवीकोरीच हवी असती तर फ्लेक्स काय वाईट होता? पत्रा तीन बाय चार फुटांचा, लाकडी चौकटीवर ठोकलेला. खिळ्यांच्या भोकांपासून गंज आत सरकलाय आणि तिथला रंग पापुद्र्यानं उचललाय. लाल ऑइलपेंट उन्हानं भुकटलाय, बोट फिरवलं की गुलाबी पूड लागते. अशा रंगावर ओलं फडकं फिरवलं की मळाबरोबर वाघही जाणार. आधी मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढायची. मग काडीला कापूस गुंडाळायचा, पाण्यात बुडवून पिळायचा आणि कोपऱ्यात इंचभर फिरवून बघायचा. कापूस लाल झाला की हात आवरायचा. थिनरनं जुना रंग मऊ होऊन सुटतो. वॉर्निशमध्येही तोच ऐवज असतो, वर पुढं पिवळं पडतं ते वेगळंच.

घासकागद तर समोरून लावूच द्यायचा नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं आणि नात नुकती रांगायला लागलीय. मागच्या बाजूचा गंज तेवढा गच्चीवर नेऊन, तोंडाला मास्क बांधून, तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं काढायचा आणि रेडऑक्साइडचा एक हात द्यायचा. चौकटीच्या लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकूड बदलायचं, नाहीतर ती कीड सोफ्यात शिरते.

चौकटीसकट वजन नऊ-दहा किलो भरेल. एका खिळ्यावर टांगायचा प्रकार नाही. 18 एमएम प्लायची पट्टी मधोमध 45 अंशांत चिरायची. एक तुकडा भिंतीला, तिरकी धार वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरा उलटा करून चौकटीला. मग पाटी वरून अडकवायची. भिंतीत 8 नंबरच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, 50 एमएमचे स्क्रू, चार. विटांच्या भिंतीला पुरे. तुझ्या भावाच्या नव्या फ्लॅटसारखी सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची, भिंत असेल तर साधी गिट्टी आत नुसती फिरते, तिथं वेगळी लांब गिट्टी लागते. त्याला सांग, ऐकणार नाही म्हणा.

पश्चिमेची भिंत बाद. पावसाळ्यात तिला ओल येते.

आता खरं काम. पाटीशेजारी आपला पाळणा लागणार, जत्रेतल्या त्या उंच चक्राचा आपण काढलेला फोटो. फ्रेमवाला म्हणतो कॅनव्हासवर काढू. माणूस, घर, डोंगर असता तर चाललं असतं. पाळणा म्हणजे वर्तुळ, आणि कॅनव्हास एका बाजूनं जास्त ताणला की त्याचं अंडं होतं, लांबूनसुद्धा कळतं. शिवाय कडेनं दुमडायला दीड-दोन इंच जातात, म्हणजे वरची पेटी बाजूवर वळणार. म्हणून कागदावरच छापायचं, मॅट, पिगमेंट शाईत. काचेला फोटो टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, नाहीतर दमटपणात तो काचेला चिकटतो आणि मग निघत नाही. फोटो चिकटवायचा फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी. चारी बाजूंनी जखडला की पावसाळ्यात कागद फुगून लाटा येतात. फ्रेमच्या मागं खालच्या कोपऱ्यांत रबराच्या गोळ्या लावायच्या, वारा खेळतो. फोटोचा मध्य जमिनीपासून 57-58 इंचांवर. तू ताडमाड, तुला खाली वाटेल. राहू दे.

आणि हो, ब्लॅक अँड व्हाइटच. तो वाद संपलाय. तुझ्या हट्टापायी रंगीत रोल घातला होता तेव्हाचे पाळणे आज सगळे जांभळे झालेत.

तू न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं पोस्टर पाठवतो म्हणालास. पोस्टर नको. तिथला पाळणा, वंडर व्हील, 1920चा, दीडशे फूट, आणि 24 पेट्यांपैकी 16 आतल्या रुळांवरून घरंगळतात. बाकीच्या 8 चक्राच्या कडेला पक्क्या, नुसत्या चक्राबरोबर फिरतात. हा फरक तुझ्या कॅमेऱ्यात येतो का बघ. ट्रायपॉड, आयएसओ 100, एफ 11, संध्याकाळी आकाशात निळं शिल्लक असताना चार सेकंद, दोन सेकंदांचा टायमर लावून. दिवे एलईडी असतील तर रेघांऐवजी तुटक ठिपके येऊ शकतात. म्हणून सेकंदाच्या तिसाव्या भागाचाही एक काढून ठेव.

नोकरीचं काय झालं? वहिनींचा हात बरा आहे ना? चिरंजीवांना आशीर्वाद, मराठीत फोन करायला सांग.

निगेटिव्ह तुझ्याच डब्यात आहे, यशिका कॅमेऱ्याच्या केसखाली. नाही म्हणू नकोस. तिथंच स्कॅन करून घे: फिल्मस्कॅनरवर, 3200 डीपीआय, 16 बिट, टिफ. साधारण 4500 बाय 3000 पिक्सेल मिळतात, म्हणजे 12 बाय 18 इंचांना इंचाला 250 पुरतात. कड धरूनच उचल, फुंकर मारू नकोस, थुंकी उडते. रबरी पंप वापर. दुकानदाराला शार्पन करू देऊ नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकशील तर खबरदार, ड्राइव्हची लिंक दे. गणपतीआधी मिळाली तर फ्रेमवाल्याला वेळ आहे, नंतर तो हाताला लागत नाही.

तुझा,
बंड्या