खाटेभोवतीचे भांडण आणि पर्वाचा पहिला भाग

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी वैद्यकीय मालिकांच्या नव्या पर्वांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. पर्वाचा पहिलाच भाग हल्ली घरगुती भांडणांनी भरलेला असतो, रुग्णालय नुसते नेपथ्यापुरते उरते आणि वैद्यकशास्त्र पाहायला बसलेल्या प्रेक्षकाच्या पदरी सावत्र बहिणी आणि रुसलेले बाप पडतात, अशी लेखकमहाशयांची तक्रार आहे. तिचा अर्धा भाग मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी, अतिदक्षता विभागात ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या बाईला काही सांगायचे आहे, म्हणून हे पत्र.

आधी मान्य असलेला भाग. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' ही मालिका २७ मार्च २००५ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि सिअ‍ॅटलच्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या शिकाऊ डॉक्टर मेरेडिथची आई, जी एके काळी नावाजलेली शल्यविशारद होती, ती आता अल्झायमरमुळे शुश्रूषागृहात आहे, हे पहिल्याच भागात कळले. इथवर सारे ठीक. पुढे २७ सप्टेंबर २००७ ला चौथे पर्व उघडले, तेव्हा वडिलांच्या दुसऱ्या संसारातली बहीण, लेक्सी, त्याच रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून हजर झाली. आणि २५ सप्टेंबर २०१४ ला अकरावे पर्व उघडले, तेव्हा आईच्या बाजूची बहीण, मॅगी, हृदयशल्यचिकित्सक म्हणून तिथेच काम करत होती. दोन पर्वांच्या तोंडाशी दोन बहिणी उगवाव्यात, त्याही डॉक्टर असाव्यात आणि दोघींना नोकरी एकाच इमारतीत मिळावी, हा योगायोग मानायची माझीही तयारी नाही. एवढ्यापुरती लेखकांची थट्टा योग्य आहे.

पण लेक्सी येते ती कशाच्या पाठोपाठ येते, हे लेखात आलेच नाही. तिसऱ्या पर्वात तिची आई सुझन उचकी थांबत नाही म्हणून रुग्णालयात येते. उचकीसारखे क्षुल्लक कारण, त्यावरचा किरकोळ वाटणारा उपाय, मग गुंतागुंत, जंतुसंसर्ग आणि मृत्यू. बातमी कळल्यावर मेरेडिथचे वडील, ज्यांनी तिला लहानपणी सोडले होते, ते सर्वांदेखत तिच्या थोबाडीत मारतात. त्या थपडेत मालिकेचा भडकपणा आहेच, पण मला ती खोटी वाटली नाही. घरात एक माणूस वैद्यकीय व्यवसायात असले, की घरातल्या प्रत्येक आजारपणाला ते माणूस आपोआप जामीन राहते. मी साधी परिचारिका, तरीही फोन मलाच यायचे. रिपोर्टचा फोटो पाठवून "जरा बघून सांग" म्हणणाऱ्यांना मी कधी नाही म्हटले नाही, आणि काका गेले तेव्हा चुलतभावाने मला एवढेच विचारले, "तू होतीस ना तिथे?" त्याने हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही, पण त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

डॉक्टरांच्या जगाला ही गोष्ट फार पूर्वी कळलेली आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ मध्ये आपली पहिली आचारसंहिता तयार केली, तेव्हाच तिच्यात म्हटले होते की, पत्नी किंवा मूल आजारी पडल्यावर डॉक्टरच्या मनाला जो घोर लागतो, तो त्याच्या निर्णयबुद्धीवर पडदा टाकतो. रक्ताच्या माणसांवर स्वतः उपचार करू नयेत, हा संकेत तिथून आजवर चालत आला आहे. मालिकांमधले डॉक्टर तो सर्रास मोडतात, आणि त्याबद्दल लेखकांनी चार शब्द सुनावले असते तर मी आनंदाने मान डोलावली असती.

माझा खरा आक्षेप भांडण दाखवण्याला नसून ते ज्या घाईने आटोपले जाते त्या घाईला आहे, आणि ती घाई त्या वाहिन्यांच्या वेळापत्रकातूनच येते. तिकडच्या मोठ्या वाहिन्यांचे पर्व सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपायचे, भाग बावीस ते चोवीस. 'ईआर'सारखी मालिका १९ सप्टेंबर १९९४ पासून २ एप्रिल २००९ पर्यंत याच चाकोरीत पंधरा पर्वे आणि ३३१ भाग चालली. मे महिन्यात प्रेक्षकाला कड्यावर लटकवून ठेवायचे आणि सप्टेंबरात वर ओढून घ्यायचे, ही तिथली रीत. ओढून घेताना कथेतले मधले दिवस, कधी आठवडे, गाळले जातात. थप्पड बसल्यानंतरची रात्र, दुसऱ्या दिवशीचे कामावर जाणे, अंत्यविधीला कोण आले आणि कोण दारातूनच परत फिरले, यातले काही दिसत नाही. पडदा उघडतो तेव्हा सगळे पुढे सरकलेले असतात आणि एक नवा अपघात रुग्णवाहिकेतून उतरत असतो. कौटुंबिक भांडण मात्र याच गाळलेल्या दिवसांत मुरते. ज्याने ते अनुभवले आहे त्याला पहिल्या भागातले संवाद पोकळ वाटतात ते यामुळे. आणि लेखकांनाही ते तसेच वाटले असावेत, फक्त त्यांनी दोष भांडणाच्या माथी मारला.

आता रुग्णालयात भांडण नेमके कशावरून होते, हे पाहू. सावत्र बहिणीवरून ते होताना मी तरी पाहिलेले नाही. ते होते निर्णयावरून: बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने कोण बोलणार, आणि काय बोलणार. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चा पहिला भाग दाखवला गेला त्याच आठवड्यात असे एक भांडण सारी अमेरिका पाहत होती. फ्लोरिडातील टेरी शायव्हो १९९० मध्ये कोसळल्या, त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. त्यांना अशा अवस्थेत जगायचे नव्हते, असे पती सांगत होते. आईवडिलांना ते मान्य नव्हते. वर्षानुवर्षे खटले चालले, १८ मार्च २००५ रोजी त्यांना अन्न पुरवणारी नळी काढण्यात आली, तीन दिवसांत संसदेने खास कायदा करून तो राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सहीने लागूही केला, तरी न्यायालयांनी आधीचा निर्णय बदलला नाही, आणि ३१ मार्चला टेरी गेल्या. मालिका सुरू होऊन चारच दिवस झाले होते. एका जावयाचे आणि सासूसासऱ्यांचे भांडण थेट संसदेपर्यंत पोहोचले, आणि तरीही कौटुंबिक कलह वैद्यकीय मालिकेत उपराच असतो असे म्हणायचे, हे मला पटत नाही.

कायद्यांनाही हे भांडण ठाऊक आहे. रुग्णाने कोणाला मुखत्यार नेमले नसेल, जोडीदार नसेल आणि निर्णय सज्ञान मुलांवर येऊन ठेपला, तर सिअ‍ॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथे उपलब्ध असलेल्या सर्व मुलांचे एकमत लागते. पेनसिल्व्हेनियात त्याच प्रसंगी बहुमत पुरते. वाचायला हा फरक किरकोळ वाटेल, पण चार भावंडांतल्या एकाने मान हलवली नाही तर एका राज्यात सारे थांबते आणि दुसऱ्यात पुढे सरकते. अपत्ये दोनच असली, तर बहुमताचाही काही उपयोग नसतो.

दोन अपत्यांची गोष्ट 'द पिट'ने मांडली. तिच्या पहिल्या पर्वाचे पंधरा भाग म्हणजे पिट्सबर्गच्या आपत्कालीन विभागातल्या एकाच पाळीचे पंधरा तास, एका भागाला एक तास. ९ जानेवारी २०२५ ला पर्व सुरू झाले त्या दिवशी आलेल्या पहिल्या दोन भागांतच एक वृद्ध गृहस्थ श्वास लागलेल्या अवस्थेत आणले जातात, आणि त्यांचा मुलगा व मुलगी पाठोपाठ येतात. श्वासनलिकेत नळी घालू नये, असे वडिलांनी शुद्धीत असताना लिहून ठेवलेले आहे. कागद समोर असूनही मुलीला तो पाळवत नाही, आणि नळी घातली जाते. एरवीच्या मालिकेत एका जाहिरातीच्या अवकाशात हा तिढा सुटला असता. इथे तो पुढच्या तासात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. मध्ये डॉक्टर दुसऱ्या रुग्णांकडे जातात, परत येतात, दोघे तिथेच असतात. शेवटी डॉक्टर त्यांना आपल्या गुरूंकडून शिकलेला हवाई बेटांवरचा एक रिवाज सांगतात. निरोपाचे चारच बोल: माझे तुमच्यावर प्रेम आहे, तुमचे उपकार आहेत, मी तुम्हाला क्षमा केली, मलाही क्षमा करा. चौथ्या भागात वडील जातात. मला हे पटले ते संवादांपेक्षा त्या ताटकळण्यामुळे. आमच्याकडे नातेवाईक असेच ताटकळत. भेटीची वेळ संपली तरी दाराच्या काचेला नाक लावून उभे राहत, आणि मॉनिटरवरचा एखादा आकडा दोनने वाढला तरी आम्हाला खुणेने विचारत.

त्या मुलीला आपल्या लेखात "हट्टी" म्हटले आहे. या एका शब्दाबद्दल मी खरे तर हे पत्र लिहायला बसले. अमेरिकी डॉक्टरांमध्ये 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असा एक शब्दप्रयोग आहे आणि १९९१ मध्ये तो वृद्धवैद्यकाच्या एका नियतकालिकातील निबंधाच्या शीर्षकातही आला. जवळ राहणारी भावंडे आईवडिलांची उतरती कळा रोज पाहत असतात, त्यांनी मनाची तयारी केलेली असते. लांब राहणारे अपत्य ऐन वेळी येऊन थडकते, सगळ्यांना फैलावर घेते आणि शक्य ते सर्व करा म्हणून आग्रह धरते. कॅलिफोर्नियातले डॉक्टर तिलाच न्यूयॉर्कहून आलेली मुलगी म्हणतात, असे सांगतात. आम्हीही पडद्याआड अशांना नावे ठेवली आहेत. मी ते नाकारणार नाही. पण इतक्या वर्षांत माझे मत बदलत गेले. जवळच्या भावंडांना वडील थोडे थोडे करून गमवायला कित्येक वर्षे मिळालेली असतात. लांबून आलेल्याला ते सगळे एका दुपारी गमवायचे असते, आणि त्यात मागे न आल्याची टोचणी असते. त्या मालिकेतली मुलगी लांबून आली होती की जवळच राहत होती, हा प्रश्न नाही. जे तिला कागदावर मान्य होते ते खाटेजवळ मान्य होईना, एवढेच तिचे झाले.

एक प्रसंग सांगून थांबते. दोन भाऊ होते. थोरला वडिलांजवळ राहिलेला, धाकटा विमानतळावरून थेट आलेला. त्याच्या बॅगेच्या मुठीला विमान कंपनीची पट्टी दोन दिवस तशीच लटकत होती. ते दोन्ही दिवस तो आमच्यावर आणि भावावर ओरडत होता. प्रत्येक राउंडला तेच प्रश्न, तोच संशय, आणि भावाकडे पाठ. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला हळू आवाजात विचारले, बाबांची दाढी केली तर चालेल का. वडील व्हेंटिलेटरवर होते. नळी गालांवर चिकटपट्टीने बांधलेली असते, त्यामुळे एका माणसाचे ते काम नव्हते. मी एका गालावरची पट्टी सोडून नळी बोटांत धरून ठेवली, थोरल्याने न सांगता पुढे येऊन हनुवटी आधाराला धरली आणि धाकट्याने दाढी केली. वडील कुठल्या बाजूने सुरुवात करत यावर त्यांचा तिथेही वाद झाला. मग मी पट्टी नव्याने लावली आणि बाजू बदलून दुसरा गाल मोकळा केला. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. निर्णय त्या दिवशी झाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि बाहेरच्या बाकावर दोघे पुन्हा दोन टोकांना जाऊन बसले. एखाद्या पर्वाचा पहिला भाग त्या बाकापासून सुरू झाला, तर लेखकमहाशयांनी तो कंटाळवाणा म्हणण्याआधी शेवटपर्यंत पाहावा, एवढी विनंती आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका