आखाजीला येतोय, पण त्याआधी

जळगाव

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की रडू येतं, म्हणून लिहितेय. येत्या मंगळवारी चिनूला नाशिकला त्याच्या वाचनाच्या अडचणीच्या तपासणीला नेतेय. पैसे भरले, तिकिटंही काढली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं.

बाबा, शाळेत न घालता घरी शिकवलं म्हणून हे झालं, असं तुम्हाला वाटतं. रात्री मलाही वाटतं. पण ९ वर्षांचा झाला तरी तो 'घर'ला 'धर' वाचतो. जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द मनानेच ठोकून देतो. आणि हाच पोरगा एकदा ऐकलेली गोष्ट आठवड्यानंतर जशीच्या तशी सांगतो! डोळे-कान तपासून झाले, ठणठणीत आहेत. आता दोन-तीन बैठका होतील: बुद्धीची चाचणी, मग वाचन, शुद्धलेखन, गणित. अर्थ नसलेले शब्दही वाचायला देतात, समजा 'लमोटी', 'गुपठा'. तिथे अंदाज चालत नाही. शाळेत असता तर बाईंनी त्याच्याबद्दल लिहून दिलं असतं. इथे बाई मीच. म्हणून सहा महिन्यांच्या वह्या आणि मोबाईलवर टिपलेलं त्याचं वाचन सोबत नेतेय.

आई, पोराला शिक्का बसेल म्हणालीस. अगं, परवा तोच मला विचारत होता, "मी ढ आहे ना?" नानाकाकांनंतर हा शब्द आपल्या घरात कुणी काढला नव्हता. चौथीत शाळा सुटलेले काका, पण केळीची गाडी भरली की काट्याआधी वजन सांगायचे. वाचनाची ही अडचण बरेचदा घराण्यात असते. बाबा, तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? तुम्ही त्यांना कंदिलापाशी बसवायचात ते मायेपोटीच.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अध्ययन अक्षमता, म्हणजे शिकण्यातली अशी अडचण, धरली आहे. सरकारी दाखला असला तर पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसतानाही जास्तीचा वेळ मिळतो. पण ते पुढचं पुढे.

मला तुम्ही सायकलच्या दांडीवर बसवून एसटीच्या पाट्या वाचायला लावायचात. चोपडा, फैजपूर, रावेर. मला ते आपोआप आलं, बाबा. त्यात माझी काही हुशारी नव्हती, हे आत्ता कळतंय.

आता ऐका. त्याच्याकडून पेपर मोठ्याने वाचून घ्यायचा नाही. दिवाळीत गच्चीवर जाऊन बसला होता, तेव्हा त्याचं पोट दुखत नव्हतं. तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या. तुमच्यासारखं वाचणारं आमच्याकडे कुणी नाही. आई, जेवणाची काळजी करू नकोस, कळण्याची भाकर दोन-दोन खातो. तू डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. आणि कूलरच्या पाण्यासाठी बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

निंबाला झोका बांधून ठेवा. मागचा दोर विरलाय, नवा आणा.

तुमची,
माई