चिऊचा क्लास बंद करू नकोस

तासगाव

चि. दीपक यास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आप्पा, दीड वर्षाच्या पोरीला कसला क्लास? तिला धड बोलताही येत नाही. तुम्हीच समजावा हिला." मी नुसतं हं हं केलं, कारण बागेत माणसं खोळंबली होती. आता निवांत लिहितो. मी सूनबाईच्या बाजूचा आहे.

तुला वाटलं असणार, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली सांभाळलेला माणूस, असल्या थेरांच्या विरोधातच असेल. थेरांच्या विरोधात आहेच. दोन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून एबीसीडी गिरवून घेणं, भिंतीवर टीव्ही लावून गाणी दाखवणं, आयांना दाराबाहेर बसवणं, असलं काही असतं तर मीच म्हणालो असतो, फी परत माग. पण गेल्या महिन्यात सांगलीत विश्रामबागला तुमच्याकडे होतो तेव्हा सूनबाईला रजा मिळाली नाही म्हणून चिऊला घेऊन मी गेलो आणि सतरंजीवर मांडी घालून तासभर बसलो.

सात-आठ पोरं, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. मधे पातेली, झाकणं, पळ्या आणि पाण्याचं एक घमेलं. खेळणं म्हणावं असं दुसरं काही नाही. चिऊनं एक झाकण उचलून मोठ्या पातेल्यावर ठेवलं, ते खणकन आत पडलं. मी बरोबर मापाचं झाकण पुढं करणार, तेवढ्यात क्लास घेणाऱ्या ताईंनी खुणेनं थांबवलं. पोरीनं तेच झाकण आणखी एकदा टाकलं, आवाज ऐकला, मग दुसरं घेतलं. तेही पडलं. तिसरं बसलं तेव्हा तिनं ते वरून दाबून पाहिलं आणि माझं बोट धरून त्यावर टेकवलं. ताई म्हणाल्या, "आता बोला आजोबा. झाकण बसलं, म्हणा." मी म्हटलं. ती खुदकन हसली आणि झाकण काढून परत लावलं. एवढ्यात शेजारच्या पोरानं ते पळवलं. ही रडेल वाटलं, पण ही सरकत त्याच्याच शेजारी जाऊन बसली.

फी या तासाची आहे, दीपक. पोरीला काय शिकवलं असं विचारशील तर काही नाही. शिकवलं ते मला. पोराचा हात चालू असताना आपला हात कधी आवरायचा आणि तोंड कधी उघडायचं, एवढंच. चाळीस पोरांच्या वर्गात मला ते करायला सवड नव्हती.

"आम्ही कुठं गेलो होतो क्लासला?" असंही तू म्हणालास. तू गेला नव्हतास, कारण तुझा क्लास दारातच भरत होता. आजी निवडायला बसली की तू सुपात हात घालणार, ती "अरे, खडा आहे तो" म्हणणार. काकू, शेजारची पोरं, दुधाला आलेला माणूस, दिवसभर कुणी ना कुणी तुझ्याशी बोलत होतं. तुझी चिऊ तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर सांभाळणाऱ्या एका मावशींजवळ. मावशी मायाळू आहेत, पण स्वयंपाक करताना त्या पोरीपुढे मोबाईल ठेवतात, हे मी पाहिलं. त्यांना बोल लावू नकोस, त्यांना दोनच हात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगून ठेवलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवूच नये. यामागे कारण आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळत बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले. तेच बोलणं टीव्हीवर ऐकलेल्या बाळांना काही आलं नाही. बोलणारं माणूस समोर हवं, त्यानं बाळाच्या नजरेला नजर द्यायला हवी.

फायदा खरंच टिकतो का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार, तू हिशेबी माणूस. मला पटलेलं उदाहरण जमैकातलं आहे. 1980 च्या दशकात किंग्स्टन शहरात गरीब वस्तीतल्या, वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या. दोन वर्षं हे चाललं. घरातल्याच वस्तूंची खेळणी करून आईनं मुलाशी कसं खेळावं, काय बोलावं, हे त्या दाखवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई, तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. आता चिऊ काही उपाशी पोर नाही, तिला इतका फरक पडेल असं मी म्हणत नाही. पण आठवड्याचा एक तास वाया जात नाही, एवढं त्यातून घे. तोही कामाला आला तो बाकीचे सहा दिवस आया तसंच खेळत राहिल्या म्हणून.

आपल्याकडे हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. सरकारी अंगणवाडीत शिकण्याचा कार्यक्रम मुख्यतः तीन ते सहा वयाचा. तीन वर्षांखालच्यांचं वजन, लस आणि घरी न्यायचा आहार यावरच आजवर भर राहिला. 2024 मध्ये केंद्रानं जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, त्यातही घरच्यांनी बाळाशी खेळावं-बोलावं यावरच जोर आहे. उद्या फी जड वाटली तर क्लास सोड, खेळणं सोडू नकोस.

इकडं द्राक्षांची खरड छाटणी उरकली. आता काडीकडे पाहिलं तर नुसती पानं, पण पुढचा घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, धरणार की नाही ते याच दिवसांत ठरतं, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कळतं. पोरं वेलीपेक्षा सोशिक, उशिरानंही सावरतात. पहिलीत तोंड न उघडणारी पोरं चौथीला भाषण ठोकताना मी पाहिलीत. त्यासाठी त्यांच्यामागं किती राबावं लागतं, तेही पाहिलंय.

पहिले काही दिवस सर्दी घरी येईल, पोरांत पोर गेलं की येतेच. तापात पाठवू नका. मधेच उठावं लागलं तर गुपचूप सटकू नका, तिला सांगून उठा. क्लासमध्ये कुणाचं पोर किती शब्द बोलतं याची तुलना सुरू झाली की सूनबाईला म्हणावं, कानाआड कर. ताईंनाच त्याची हौस असली तर मात्र दुसरी जागा बघा.

आणि शनिवारी तुला सुट्टी असते. त्या दिवशी चिऊला घेऊन तू जा. सतरंजीवर बसायचं, खुर्ची मागायची नाही आणि फोन सूनबाईकडे ठेवून जायचा.

शुक्रवारी तुझी आई येते आहे. तिच्याबरोबर बेदाणा पाठवतोय, यंदाचा रंग चांगला उतरलाय. चिऊला अख्खा देऊ नका, घशात अडकतो. भिजवून, बारीक चिरून द्या.

तुझे
आप्पा